कॉमन अ‍ॅपचा निबंध : ढोलपथक, आजीचं आजारपण, झेडपीची शाळा की टँकरची वही?

पिंपळपान

नमस्कार मंडळी. मुलगी बारावीला आहे, सीबीएसई, सायन्स. पुढे पर्यावरण अभियांत्रिकी करायचं म्हणते. अर्ज मुख्यतः अमेरिकेत, त्यात कॅलिफोर्नियाची सरकारी विद्यापीठंही आहेत, आणि दोन ठिकाणं इंग्लंडमधली. मार्कांचं, परीक्षांचं मार्गी लागलंय. कॉमन अ‍ॅप म्हणजे अमेरिकेतल्या बऱ्याच कॉलेजांना मिळून चालणारा एकच फॉर्म, त्यातला ६५० शब्दांचा निबंध मात्र विषयावरच अडकलाय. तिने चार विषय काढलेत:

१) ढोलपथक. तीन वर्षं वाजवते आहे.
२) आजीचं आजारपण. दहावीच्या वर्षी घरात बराच काळ तेच चाललं होतं.
३) सुट्टीत पंधरा दिवस झेडपीच्या शाळेत मुलांना विज्ञान शिकवलं.
४) आमच्या सोसायटीत उन्हाळ्यात टँकर येतात, त्यांच्या पाण्याची ती वही ठेवते.

शाळेतल्या काउन्सेलर म्हणतात ढोलपथक घ्या, 'कल्चर' दिसतं. नात्यातले एक जण न्यू जर्सीत असतात, ते म्हणतात आजीचं लिही, मनाला भिडेल. चौथा विषय घरात कुणालाच पटत नाही. टँकरवर काय निबंध लिहिणार? जाणकारांनी सांगावं. आणि हाच निबंध इंग्लंडला चालतो का?

शाईपेन

आधी निबंध बाजूला ठेवा आणि बाकीचा फॉर्म भरायला घ्या. बहुतेक घरांत उलटं होतं. निबंधावर महिनाभर डोकेफोड होते आणि शेवटच्या रात्री अ‍ॅक्टिव्हिटीज खरडल्या जातात. मग कळतं की निबंधात लिहिलेलं सगळं तिथेही आलंय.

फॉर्ममध्ये अ‍ॅक्टिव्हिटीजसाठी १० जागा असतात. प्रत्येकीत पदाला ५० अक्षरं, संस्थेच्या नावाला १००, वर्णनाला १५०. शिवाय आठवड्याला किती तास आणि वर्षातले किती आठवडे, हेही भरायचं असतं. ऑनर्सना, म्हणजे बक्षिसं-सन्मानांना, ५ जागा. 'अ‍ॅडिशनल इन्फर्मेशन'ला २०२५-२६ पासून ३०० शब्द मिळतात, पूर्वी ६५० होते. आणि 'चॅलेंजेस अँड सर्कमस्टन्सेस' म्हणून वेगळी २५० शब्दांची जागा आहे. याखेरीज शिक्षकांची शिफारसपत्रं आणि काउन्सेलरचं पत्र. वाचणारा माणूस हे सगळं एकत्र पाहतो, आणि त्याच्याकडे वेळ थोडा असतो. जी गोष्ट १५० अक्षरांत पुरती मावते तिच्यावर ६५० शब्द घालवू नयेत.

आता तुमचे चार विषय.

झेडपीची शाळा सोडा. शाळेत शिकवणं वाईट म्हणून नव्हे. पंधरा दिवसांत मुलांत फार फरक पडत नाही, तो पडला असं दाखवायला निबंधाला खोटं बोलावं लागतं. 'त्यांच्याकडे काही नव्हतं तरी ते आनंदी होते' हे वाक्य अशा निबंधात येतंच, आणि आलं की वाचणाऱ्याने ते याआधी पुष्कळदा वाचलेलं असतं. त्यात ती मुलं केवळ नेपथ्य होतात. अ‍ॅक्टिव्हिटीजमध्ये एक ओळ द्या, बास.

आजीचं आजारपण. इथे एक साधी कसोटी आहे. कच्चा खर्डा घ्या आणि ज्या वाक्यांचा कर्ता आजी आहे ती एका रंगाने रंगवा, ज्यांचा कर्ता मुलगी आहे ती दुसऱ्या रंगाने. अर्ध्याहून जास्त रंग आजीचा निघाला तर कॉलेजला आजीला प्रवेश द्यावासा वाटेल. त्या वर्षी मार्क घसरले असतील, एखादा उपक्रम सुटला असेल, तर त्यासाठीच ती २५० शब्दांची जागा आहे. तिथे सरळ लिहायचं: कोणत्या महिन्यापासून कोणत्या महिन्यापर्यंत, घरातलं कोणतं काम हिच्याकडे होतं, अभ्यासावर काय परिणाम झाला, आता काय स्थिती आहे. भावनेची फोडणी नको.

ढोलपथकात अडचण अशी की ज्याने गणपतीची मिरवणूक पाहिलेली नाही त्याला गणेशोत्सव, पथक, ताशा, ध्वज हे समजावण्यातच १५० शब्द जातात. आणि 'कल्चर दिसतं' हे विषय निवडायचं कारण होऊ शकत नाही. कल्चर अर्जात इतर दहा ठिकाणी दिसतंच.

टँकरच्या वहीबद्दल मला अजून माहिती हवी आहे. ती वहीत नक्की काय लिहिते? टँकरचे नंबर आणि वेळा, की आणखी काही?

टिपरू

ढोलाला इतक्या लवकर मोडीत काढू नका हो. प्रश्न एवढाच की ही मुलगी पथकात करते काय. मिरवणुकीत वाजवते आणि अंगावर काटा येतो, एवढंच असेल तर शाईपेन म्हणतात ते बरोबर. पण पथकात कामं पुष्कळ असतात. नव्या पोरांना हात शिकवणं. टोल आणि ताशा यांच्यात लय सुटली तर ती कुठून सुटली हे ऐकून ओळखणं. पावसाळी हवेत कातडी पान सैल पडून आवाज बसतो, तेव्हा दोर ओढायचा की पानच बदलायचं हे ठरवणं. यातलं एखादं काम तिच्या अंगावर असेल तर त्या एकाच कामावर निबंध उभा राहतो, आणि मग गणेशोत्सव समजावायला एक वाक्य पुरतं. नवख्या वादकाचा डावा हात मागे का पडतो आणि तो पुढे कसा आणायचा, हे ६५० शब्दांत नीट लिहिलं तर कुठल्याही देशातल्या माणसाला कळेल.

ढोलावरचा निबंध पडतो तो 'आम्ही शंभर जण एका ठेक्यावर' अशा वाक्यांनी. त्यात ती स्वतः कुठे उभी आहे तेच दिसत नाही.

पिंपळपान

पथकात ती फक्त वाजवते, शिकवणारे दादा वेगळे आहेत.

वहीबद्दल. १०,००० लिटरचा टँकर म्हणून पैसे घेतात. जमिनीखालच्या टाकीची आतली मापं ४ मीटर बाय ३ मीटर. तिने एका लांब काठीवर सेंटिमीटरच्या खुणा केल्या. टँकर रिकामा व्हायच्या आधी आणि नंतर काठी बुडवून पाहते. १०,००० लिटर आले तर पातळी ८३ सेंटिमीटर चढायला हवी, हिच्या वहीत बऱ्याचदा ७६ च्या आसपास दिसते. कमिटीपुढे वही ठेवली, थोडी वादावादी झाली, आता वॉचमन रोज काठी बुडवतो. पण यात तक्रारखोर वाटणार नाही का? आणि कॉमन अ‍ॅप निबंधासाठी जे सात प्रश्न देतं त्यांपैकी कुठल्या प्रश्नात बसवायचं?

शाईपेन

हाच घ्या. आणि घरच्यांना सांगा की विषय टँकर नाही, मोजमाप आहे.

तुमच्याच आकड्यांवर बघा. टाकीचा तळ १२ चौरस मीटर, म्हणजे १ सेंटिमीटर पाणी म्हणजे १२० लिटर. ७६ सेंटिमीटरला ९,१२० लिटर होतात, तूट ८८० ची. आता काठी वाचण्यात एका वेळी एक सेंटिमीटरची चूक धरली तर आधी एक आणि नंतर एक मिळून दोन, म्हणजे २४० लिटर. ८८० ची तूट नुसत्या वाचनाच्या चुकीने भरून निघत नाही. इथवर बहुतेक मुलं येतील आणि 'मी चोरी पकडली' म्हणून थांबतील. तसं झालं तर निबंध तुम्ही म्हणता तसा तक्रारखोरच होईल.

खरी मजा याच्या पुढे आहे. तिला हे प्रश्न विचारा, आणि तुम्ही उत्तरं सुचवू नका. टाकी भरताना पंप चालू होता का? चालू असेल तर पाणी वर जात राहतं आणि टँकरवाल्यावर विनाकारण तूट चढते. त्याच वेळी महापालिकेचं पाणी येत होतं का? येत असेल तर उलट, खरी तूट झाकली जाते. टाकीत मधे खांब आहे का? असेल तर तळ १२ चौरस मीटरपेक्षा कमी भरतो, म्हणजे आलेलं पाणी हिच्या हिशोबापेक्षाही कमी. टँकर उतारावर उभा होता का? तर तळाशी थोडं पाणी राहून जातं, आणि त्यात ड्रायव्हरची लबाडी नसते. पाणी पडणं थांबल्यावर पातळी शांत व्हायला किती वेळ थांबली?

कोणती चूक कुणाच्या बाजूने झुकते याचा विचार सतरा वर्षांच्या मुलीने केला असेल, तर अभियांत्रिकीच्या अर्जात याहून मोलाचं काही सापडणं अवघड. आणि यातलं काही तिने तपासलंच नसेल तरी बिघडत नाही. तसं प्रामाणिकपणे लिहावं आणि आता काय वेगळं करेल तेही लिहावं. न केलेलं केलं म्हणून मात्र लिहू नये.

६५० शब्दांची वाटणी साधारण अशी धरा. पहिल्या ८०-१०० शब्दांत टाकीचं झाकण उघडलेलं, काठी आत, ओली खूण, ड्रायव्हर बाजूला उभा. पाणीटंचाईवरचं प्रास्ताविक नको, 'पाणी हेच जीवन' तर अजिबातच नको. मग १२०-१५० शब्दांत मोजायची पद्धत आणि ८३ विरुद्ध ७६. त्यानंतर सगळ्यात मोठा भाग, २०० च्या वर, शंकांचा: पंप, उतार, खांब. कमिटीच्या बैठकीला १०० पुरेत. तिथे सेक्रेटरींना खलनायक करू नका, त्यांचा एखादा आक्षेप रास्त असेल तर तो तसाच द्या. उरलेल्या शब्दांत ही सवय तिच्यात आणखी कुठे दिसते, एखादं बारीकसं उदाहरण. काठी आता वॉचमनच्या हातात आहे, ही बाब चांगली आहे. तिच्याशिवाय काम चालू राहिलं असा त्याचा अर्थ होतो. ती सांगून टाका आणि तिचं कौतुक करत बसू नका.

प्रश्नांचं म्हणाल तर तो शेवटी निवडायचा. सातवा प्रश्न 'तुमच्या पसंतीचा कोणताही विषय' हाच आहे, त्यामुळे न बसणारा निबंध नसतोच. पहिला पार्श्वभूमी आणि आवडीचा, दुसरा अडचण किंवा अपयशाचा, तिसरा एखाद्या समजुतीला प्रश्न विचारल्याचा, चौथा कृतज्ञतेचा, पाचवा वाढीचा, सहावा वेळेचं भान विसरायला लावणाऱ्या कल्पनेचा. हा निबंध तिसऱ्यात किंवा सहाव्यात बसेल. कुठला प्रश्न निवडला यावरून भाव कमी-जास्त होत नाही.

बे_एरियाकर

कॅलिफोर्नियाचा उल्लेख आहे म्हणून लिहितो. यूसीचा, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचा, फॉर्म कॉमन अ‍ॅपवर नाही, तो वेगळा. तिथे ८ प्रश्नांपैकी ४ निवडायचे, प्रत्येकाला जास्तीत जास्त ३५० शब्द. शिक्षकांची पत्रं सहसा मागत नाहीत, त्यामुळे मुलीबद्दल जे काही कळायचं ते तिच्याच लिखाणातून. कॉमन अ‍ॅपचा निबंध कापून तिथे चिकटवणं हा नेहमीचा घोटाळा. ६५० चे ३५० करताना लोक तपशील कापतात आणि सुरुवातीचं वर्णन ठेवतात. करायला हवं उलट. यूसीला प्रश्नाचं थेट उत्तर हवं असतं: काय केलं, कसं केलं, काय बदललं. झाकण, काठी, ओली खूण हे तिथे एका ओळीत आटपा.

टँकर तिथे शाळा किंवा परिसर सुधारण्याबद्दलच्या सातव्या प्रश्नाला चपखल बसेल. ढोल तिसऱ्याला, म्हणजे अंगच्या कौशल्याला देता येईल. तीन वर्षांत कौशल्य कसं वाढलं एवढंच तो प्रश्न विचारतो, शिकवणारी असायलाच हवी असं नाही. आजीचं आजारपण पाचव्यात, पण अभ्यासावर त्याचा काय परिणाम झाला हे प्रश्नातच विचारलंय, ते टाळू नका. उरलेलं चौथं उत्तर सहाव्या प्रश्नाला, म्हणजे अभ्यासातल्या आवडत्या विषयाच्या. चारही उत्तरांत एकच गोष्ट फिरवून-फिरवून आणली तर तीन जागा वाया गेल्या समजा.

इंग्लंडचं गणितच निराळं. यूकॅसला, म्हणजे तिथल्या विद्यापीठांचे अर्ज जिथून जातात त्या यंत्रणेला, ४,००० अक्षरं, त्यात मोकळ्या जागाही धरल्या जातात. २०२६ च्या प्रवेशापासून सलग निबंध बंद, आता तीन प्रश्न आहेत: हाच विषय का शिकायचा, शाळेतल्या अभ्यासाने त्याची तयारी कशी झाली, शाळेबाहेर काय केलं. प्रत्येकाला किमान ३५० अक्षरं लागतात. एकच मजकूर सगळ्या निवडलेल्या विद्यापीठांना जातो, म्हणून त्यात कुठल्याही विद्यापीठाचं नाव घालायचं नाही. टँकर तिथे तिसऱ्या उत्तरात, तीन-चार वाक्यांत. वाचणारे बरेचदा त्या विषयाचे प्राध्यापक असतात, त्यांना वॉचमनपेक्षा त्रुटीचं गणित जास्त आवडेल. ऑक्सफर्ड-केंब्रिज यादीत असेल तर १५ ऑक्टोबर लक्षात ठेवा, बाकीच्यांची मुदत जानेवारीत असते.

खोडरबर

विषय ठरला, आता तो बिघडतो कसा ते सांगतो, कारण चांगला विषय घेऊन पडलेले निबंध ढिगाने असतात.

आपल्याकडच्या शाळेतल्या निबंधाची सवय घातक आहे. सुरुवातीला सुविचार, मधे तीन मुद्दे, शेवटी 'म्हणून आपण सर्वांनी'. कलामांचं वाक्य टाकलं की काही तरी झालं असं मुलांना वाटतं. ६५० पैकी २५ शब्द दुसऱ्याचे कशाला खर्चायचे? दुसरी सवय जड इंग्रजीची. 'आय वॉज प्लंज्ड इंटू अ‍ॅन अ‍ॅबिस' असं सतरा वर्षांचं कुणी टाकीत डोकावताना म्हणत नाही. तिला आधी सगळा प्रसंग मराठीत तोंडी सांगायला लावा, फोनवर रेकॉर्ड करा, मग ऐकत-ऐकत इंग्रजीत लिहू द्या. क्रम नैसर्गिक येतो आणि ज्या गोष्टी तिने बोलताना सहज सांगितल्या त्या लिहिताना सुटत नाहीत.

पालकांनी पेन हातात घेऊ नये. चाळिशी-पन्नाशीतल्या माणसाचं वाक्य लपत नाही. वाचणारे दोघं-तिघं पुरे, आठ जणांना दाखवला की प्रत्येक जण आपल्याला खटकलेलं कापतो आणि उरतं ते कुणालाच न खटकणारं पाणी. त्यांना 'कसा वाटला?' विचारू नका. विचारा: कुठे कंटाळा आला, कुठे नीट कळलं नाही, आणि वाचून झाल्यावर मुलीबद्दल कोणत्या दोन गोष्टी लक्षात राहिल्या. लक्षात राहिलेल्या गोष्टी 'मेहनती' आणि 'हुशार' अशा निघाल्या तर खर्डा परत घ्या.

एआयकडून लिहून घेण्याचा मोह होईल. कॉमन अ‍ॅपच्या फसवणुकीविषयीच्या धोरणात एआयचा मजकूर स्वतःचा म्हणून देणं स्पष्टपणे धरलेलं आहे. तो मुद्दा क्षणभर सोडला तरी यंत्राला तुमच्या टाकीतला खांब माहीत नाही. ते 'पाण्याच्या प्रत्येक थेंबाने मला शिकवलं' असं लिहून देईल.

वेळापत्रक: फॉर्म दरवर्षी १ ऑगस्टला नव्या वर्षासाठी उघडतो, पण निबंधासाठी तोवर थांबायची गरज नसते. जूनमध्ये विषय, जुलैत दोन पूर्ण खर्डे, मग निदान दहा दिवस कागद बंद. ऑगस्टअखेर निबंध हातावेगळा, कारण त्यानंतर प्रत्येक कॉलेजचे वेगळे छोटे निबंध असतात आणि दहा कॉलेजं म्हटलं तरी ते वीस-पंचवीस व्हायला वेळ लागत नाही. अर्ली अर्जांची, म्हणजे नेहमीच्या मुदतीआधी करायच्या अर्जांची, मुदत बऱ्याच ठिकाणी १ नोव्हेंबर. आपल्याकडे तेव्हा सहामाही, दिवाळीची सुट्टी आणि शिक्षक गावाला, असा तिहेरी योग असतो. पत्रं देणाऱ्या शिक्षकांना ऑगस्टमध्येच गाठा. त्यातले एक भौतिकशास्त्राचे असतील आणि त्यांनी ती काठीची वही पाहिली असेल तर दुधात साखर, पण त्यांनी तीच गोष्ट पुन्हा सांगायची नाही, वर्गातली मुलगी दाखवायची.

पिंपळपान

सगळ्यांचे आभार. आजच तिला विचारलं. पंप बंद ठेवायचं तिच्या डोक्यात पहिल्यापासून होतं, उताराचं नव्हतं. खांब आहे, एक. आता नवीन मापं काढायला बसली आहे.

शेवटचं एक. अर्ली अर्ज या निबंधाने गेला आणि नोव्हेंबरनंतर काही सुधारावंसं वाटलं, किंवा नव्या मापांनी आकडे बदलले, तर बाकीच्या कॉलेजांना दुरुस्त केलेला पाठवता येतो का?

शाईपेन

येतो. पहिला अर्ज सबमिट झाल्यावरही मुख्य निबंध उघडून बदलता येतो, आणि त्यानंतर जे अर्ज जातील त्यांना नवा जातो. आधी गेलेल्याला मात्र जुनाच राहतो. म्हणून प्रत्येक वेळी सबमिट करण्याआधी प्रिव्ह्यूची पीडीएफ उतरवून घ्या आणि फाइलच्या नावात कॉलेज आणि तारीख घाला, नाहीतर जानेवारीत कुणाला कोणता खर्डा गेला ते आठवत नाही. पीडीएफमध्ये परिच्छेद एकमेकांना चिकटलेत का आणि शेवटचं वाक्य पूर्ण आलंय का ते बघा. दुसऱ्या ठिकाणी लिहून इथे चिकटवताना शब्दसंख्या थोडी वेगळी मोजली जाते. ६५० ला टेकून लिहिण्यापेक्षा ६३० वर थांबा.

खांबाची लांबी-रुंदी घेऊन तळाचं क्षेत्रफळ नव्याने काढा. समजा तो ३० बाय ३० सेंटिमीटरचा असेल तर ०.०९ चौरस मीटर वजा होतात, तळ ११.९१ वर येतो आणि ७६ सेंटिमीटरला ९,०५० लिटर. फरक ७० लिटरचा, काठी वाचण्यातल्या एका सेंटिमीटरच्या चुकीपेक्षाही कमी. हा हिशोब निबंधात घ्यायचा की नाही ते तिला ठरवू द्या, पण उताराची चाचणी मात्र घ्याच. तोच टँकर, तोच ड्रायव्हर, एकदा उतारावर आणि एकदा गेटजवळच्या सपाट जागी.